मुन्सफाची पाच लाखांची मर्यादा

सातारा किंवा सांगली जिल्ह्यातल्या तालुका कोर्टात कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश, जुन्या बोलीत मुन्सफ, आसनावर बसतात. बहुतेक ठिकाणी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारीही तेच. चेक वटला नाही म्हणून दाखल झालेली परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ ची केस त्यांच्यापुढे येते. चेक दोन लाखांचा असो, वीस लाखांचा असो की पन्नास लाखांचा, त्यांना फरक पडत नाही. गुन्हा शाबीत झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि चेकच्या दुपटीपर्यंत दंड करण्याचा अधिकार कायद्याने त्यांना दिला आहे. त्यानंतर त्याच खुर्चीत, त्याच न्यायाधीशांपुढे कोणी सहा लाखांच्या हातउसन्या रकमेचा साधा वसुलीचा दावा घेऊन आला, तर त्यांनी तो चालवायचा नाही. महाराष्ट्र दिवाणी न्यायालये अधिनियम, १८६९ च्या कलम २४ प्रमाणे कनिष्ठ स्तराची मर्यादा पाच लाख रुपये आहे. त्यावरचा दावा वरिष्ठ स्तराकडे.

वीस लाखांच्या चेकवरून माणसाला तुरुंगात पाठवण्याइतकी ज्याची पारख विश्वासाची, त्याला सहा लाखांचा हिशेब मात्र जमणार नाही, असे हा कायदा म्हणतो. या मर्यादेच्या बाजूने जे बोलले जाते त्यातले बरेचसे या एका विसंगतीपुढे टिकत नाही, असे माझे मत आहे.

मर्यादेमागचा विचार तसा जुना आणि वरवर पाहता शहाणपणाचाही. लहान रकमेचे दावे लहान कोर्टात, घराजवळ, कमी खर्चात चालावेत. मोठ्या रकमेचे अनुभवी न्यायाधीशांपुढे. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १५ सांगते की दावा चालवू शकणाऱ्या सर्वांत खालच्या दर्जाच्या कोर्टातच तो दाखल करावा. वरच्या कोर्टांवर फुटकळ कामाचा बोजा पडू नये, हा त्यातला हेतू. हेतूशी माझे भांडण नाही. मर्यादेचा आकडा कुठून येतो आणि तो नेमका कोणाला अडवतो, एवढाच माझा प्रश्न आहे.

आधी आकडा. १८६९ चा कायदा झाला तेव्हा दुय्यम वर्गाच्या सबॉर्डिनेट जजची, म्हणजे आजच्या कनिष्ठ स्तराच्या पूर्वजाची, मर्यादा पाच हजार रुपये होती. सातारा संस्थान खालसा होऊन तेव्हा वीसेक वर्षे झाली होती आणि आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे तालुके साताऱ्यातच मोडत होते. पाच हजारांचे पाच लाख झाले, म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांत शंभर पट. ऐकायला वाढ मोठी वाटते. पण १८६९ चा रुपया चांदीचा होता, साधारण पावणेबारा ग्रॅम वजनाचा. विटा-खानापूरकडच्या सोने-चांदी गाळणाऱ्या कुठल्याही गलाई व्यावसायिकाला विचारा, पाच हजार रुपयांची नाणी आटवली तर शुद्ध चांदी किती निघेल? त्रेपन्न किलोंच्या आसपास. किलोचा भाव लाखभर रुपयेच धरला, तरी ही रक्कम पन्नास लाखांच्या वर जाते. म्हणजे इंग्रजांच्या राजवटीत, दळणवळण बैलगाडीचे असताना, तालुक्याच्या मुन्सफावर सरकारने जेवढा भरवसा टाकला होता, त्याचा दहावा हिस्साही आज आपण टाकत नाही. आजचा न्यायाधीश कायद्याची पदवी घेऊन, लोकसेवा आयोगाची परीक्षा आणि मुलाखत पार करून, प्रशिक्षण घेऊन येतो. तरीही.

चांदीचे माप कोणाला पटणार नसेल तर द्राक्षांचे घेऊ. तासगाव-पलूसकडच्या चांगल्या बागेत एकरी दहा टन माल निघाला आणि किलोला पन्नास रुपये मिळाले, तर एका एकराचे एका हंगामाचे पाच लाख होतात. मुन्सफाची मर्यादा म्हणजे एक एकर द्राक्षबाग, एक हंगाम. हा काही मोठ्या बागायतदाराचा सौदा नव्हे.

आणि द्राक्षांच्या पैशाला तर ही पाच लाखांची मर्यादाही पुरती मिळत नाही. व्यापारी माल उचलतो, थोडी उचल देतो आणि बाकीची रक्कम बुडवून नाहीसा होतो, ही या पट्ट्यातली दर हंगामाची कहाणी. शेतकऱ्याने दावा लावायचा ठरवला की वकील आधी विचारतो, हा ‘वाणिज्य वाद’ होतो का? २०१५ च्या वाणिज्य न्यायालये कायद्यात माल विक्रीचे करार येतात. त्या कायद्याची किमान रक्कम आधी एक कोटी होती. २०१८ मध्ये ती तीन लाखांवर आणली गेली. म्हणजे तीन लाखांच्या वरचा विक्रीचा दावा त्यासाठी नेमलेल्या वाणिज्य न्यायालयात जातो आणि तातडीची अंतरिम दाद मागितलेली नसेल, तर दाव्याआधी मध्यस्थीची पायरी सक्तीची आहे. ती न चढता दाखल केलेला दावा फेटाळला जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. कायदा मोठ्या उद्योगांचे वाद लवकर सुटावेत म्हणून आला होता. तीन लाखांच्या रेषेने तो हळदीच्या आणि बेदाण्याच्या उधारीपर्यंत येऊन पोहोचला. म्हणजे उधारीच्या दाव्यापुरती मुन्सफाची मर्यादा वाढण्याऐवजी घटली.

आता ही मर्यादा अडवते कोणाला, ते पाहू.

सांगलीच्या किंवा कराडच्या पेठेतला एखादा गाळा घ्या. किंमत कोटीच्या घरात. मालकाला भाडेकरूकडून तो रिकामा करून हवा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ३३ ने हा दावा, जिथे लघुवाद न्यायालय नाही तिथे, कनिष्ठ स्तराकडेच दिला आहे. रकमेमुळे एरवी तो त्यांच्या अधिकारात बसत नसला तरी, असे त्या कलमात शब्दशः लिहिले आहे. म्हणजे एका दुकानावर उभे असलेले कुटुंब रस्त्यावर येणार की नाही, हे मुन्सफ ठरवू शकतात. किंवा शेतजमिनीचा निरंतर मनाईचा दावा घ्या. कृष्णाकाठच्या बारमाही पाण्याच्या रानात प्रतिवादीने पाऊल टाकू नये, एवढीच मागणी. अशा मागणीचे पैशात मोल करता येत नाही, म्हणून कोर्ट फी कायद्याच्या हिशेबाने दाव्याची किंमत नाममात्र लावली जाते आणि दावा कनिष्ठ स्तरात बसतो. रान मात्र लाखोंचे असते, आणि ताबा कोणाचा हे एकदा ठरले की पुष्कळदा भांडणाचा निकालच लागलेला असतो. त्याही खाली वहिवाटीच्या रस्त्याची भांडणे १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारापुढे जातात. तिथे रकमेची अटच नाही. सहा महिन्यांच्या आत अर्ज करा, एवढेच. हे अधिकारी न्यायाधीशसुद्धा नाहीत.

सहकाराचे तर विश्वच वेगळे. या दोन जिल्ह्यांत पैशाची मोठी देवघेव पतसंस्था, विकास सोसायट्या, साखर कारखाने आणि सहकारी बँकांमधून होते. तिथले वाद १९६० च्या सहकारी संस्था कायद्याप्रमाणे सहकार न्यायालयात किंवा कलम १०१ खाली निबंधकाच्या वसुली दाखल्याने सुटतात. दिवाणी कोर्टाला तिथे बंदी आहे, रक्कम काहीही असो. सहकारी बँकांना तारण मालमत्ता थेट ताब्यात घेण्याचा अधिकार आहे, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ज्या खटल्यात सांगितले, त्यातली एक बँक शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडची होती.

कोटीचा गाळा अडत नाही. बागायत रान अडत नाही. पतसंस्थेचे कर्ज अडत नाही, वीस लाखांचा चेकही नाही. अडते ते एका माणसाने दुसऱ्याला विश्वासाने दिलेले सहा लाख. मुलीच्या लग्नाला मेहुण्याने दिलेली रक्कम, ठेकेदाराकडे राहिलेले घरबांधणीचे पैसे, नुकसानभरपाईची मागणी, साठेखत करून पुढे खरेदीखत द्यायला नकार देणाऱ्या जमीनमालकावरचा दावा. ज्यांच्यामागे ना बँक आहे ना संस्था, असेच हे लोक. मर्यादा मोठ्या दाव्यांना वर पाठवण्यासाठी होती. प्रत्यक्षात ती मधल्या माणसाला तालुक्याबाहेर पाठवते. दोन्ही जिल्ह्यांत अनेक तालुक्यांच्या ठिकाणी फक्त कनिष्ठ स्तर न्यायालय आहे. डोंगरातल्या किंवा दुष्काळी पट्ट्यातल्या माणसाला वरिष्ठ स्तराच्या तारखेला जायचे म्हणजे पहाटेची एसटी, दिवसाची मजुरी बुडणे, नवा वकील आणि दुपारी समजणे की पुढची तारीख पडली.

यावर लोकांनी काढलेले तोडगे पाहण्यासारखे आहेत. पहिला तोडगा कायद्यानेच सुचवलेला. संहितेचा आदेश २ नियम २ म्हणतो की दावा एखाद्या कोर्टाच्या अधिकारात बसवण्यासाठी वादी आपल्या मागणीचा काही भाग सोडून देऊ शकतो. साडेपाच लाख येणे असेल तर पन्नास हजारांवर पाणी सोडा आणि तालुक्यातच दावा लावा. सोडलेले पन्नास हजार पुन्हा कधी मागता येत नाहीत. घराजवळ न्याय मिळण्याची ही किंमत, आणि ती ज्याचे पैसे बुडाले त्यानेच द्यायची.

दुसरा तोडगा अधिक घातक. उसने देतानाच कोरा चेक घेऊन ठेवायचा. पैसे आले नाहीत की चेक भरायचा, तो परत आला की नोटीस, मग १३८. कोर्ट तेच, न्यायाधीश तेच, रकमेची मर्यादा नाही आणि समोरच्याला तुरुंगाची भीती. सध्या देणेकऱ्याकडून पैसे काढण्याचा व्यवहारी मार्ग फौजदारीच, असे बाररूममध्ये कोणीही सांगेल. १३८ च्या खटल्यांचा ढीग का वाढला याची कारणे अनेक असतील; दिवाणी दरवाजा अरुंद ठेवल्याने माणसे फौजदारी दरवाजाकडे वळली, हे त्यातले एक आहे याबद्दल मला शंका नाही. देणे हा गुन्हा नव्हे, हे तत्त्व आपण अशा रीतीने हळूहळू गमावत आहोत.

मर्यादेच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा अनुभवाचा. कनिष्ठ स्तरावर नवे, तरुण न्यायाधीश येतात, त्यांच्या हाती मोठे दावे कसे द्यायचे? हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली, ती याच काळजीतून. पण काळजी अनुभवाची असेल तर ती प्रकरणाच्या गुंतागुंतीला लावली पाहिजे, रकमेला नव्हे. तीन पिढ्यांच्या वाटपाच्या दाव्यात वंशावळ, दत्तक, हक्कसोडपत्रे, सातबारावरच्या जुन्या फेरफार नोंदी यांचा गुंता असतो. वीस लाखांच्या वचनचिठ्ठीवर सही आहे की नाही, एवढाच प्रश्न असतो. अवघड कोणते?

लहान रक्कम म्हणजे सोपे प्रकरण, हा समज सातारा जिल्ह्याने एकदा खोटा ठरवला आहे. साताऱ्यात न्यायाचा विषय निघाला की माहुलीच्या रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव घेण्याची रीत आहे. मला त्यांच्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी आलेला काळ अधिक उपयोगी वाटतो.

१८७५ मध्ये सुप्यापासून सुरू झालेला सावकारांविरुद्धचा उठाव पुणे-नगर भागात पसरला आणि त्याची झळ तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या, आज शिराळा तालुक्यात असलेल्या कोकरूडपर्यंत आली. लोकांनी जाळले ते कर्जरोखे. चौकशीत दिसले की सावकाराचे खरे हत्यार दिवाणी कोर्ट होते: रोख्यावर अंगठा आहे, रक्कम लिहिलेली आहे, प्रतिवादी हजर नाही, हुकूमनामा घ्या. पन्नास-शंभर रुपयांचे ते दावे. मुन्सफाला त्यात काही करण्यासारखे नव्हते, कारण कायद्याच्या नजरेत ते सोपे होते.

त्यावर १८७९ चा दख्खन शेतकरी दुःखनिवारण कायदा आला आणि तो पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चारच जिल्ह्यांना लागू झाला. या कायद्याने रकमेच्या मर्यादा तर घातल्याच. गावच्या मुन्सफाला दहा रुपयांपर्यंतचे दावे दिले. पण त्याची खरी करामत वेगळी होती. वादी सावकार आणि प्रतिवादी शेतकरी असेल, तर कोर्टाने रोख्यावर थांबायचे नाही. व्यवहाराच्या मुळापर्यंत जायचे, मुद्दल किती, व्याज किती, आधी काय फेडले, हे स्वतः तपासायचे. मोजमाप रकमेचे न ठेवता माणसाचे आणि व्यवहाराचे ठेवले. पन्नास रुपयांच्या दाव्यामागे वीस वर्षांचा हिशेब असू शकतो, हे कायद्यानेच मान्य केले.

त्या कायद्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लहान दाव्यांत अपिलाचा हक्क काढून घेतला गेला. त्याच्या जागी ठेवला एक विशेष न्यायाधीश, जो जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून खालच्या कोर्टांची कामे तपासेल आणि चुकलेला निकाल सुधारेल. पुढे १८९३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेले महादेव गोविंद रानडे यांनी आधी हे काम केले. वादीने अपील घेऊन वर जायचे नाही, तपासणाऱ्याने खाली यायचे, ही कल्पना मला आजही विलक्षण वाटते. अर्थात सगळे काही सुरळीत झाले नाही. दाव्याआधी तडजोड करणाऱ्या अधिकाऱ्याचा दाखला घेण्याची सक्ती पुढे नुसती उशिराची पायरी झाली आणि ती रद्द करावी लागली. आजच्या सक्तीच्या मध्यस्थीवाल्यांनी तो इतिहास एकदा वाचावा.

आता पुन्हा आजच्या मर्यादेकडे. ती काही पवित्र रेषा नाही हे कायद्यानेच अनेक वर्षे मान्य केले आहे. बिहारमधल्या मुंगेरच्या एका दाव्यात १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे तक्रार आली की दाव्याची किंमत २,९५० रुपये लावली होती, खरी ९,९८० निघाली, म्हणजे अपील चुकीच्या कोर्टात ऐकले गेले. न्यायालयाने निकाल रद्द करायला नकार दिला. किंमत चुकल्यामुळे प्रकरणाच्या गुणदोषांवर अन्याय झाला का, एवढेच पाहायचे, असे ते म्हणाले. म्हणजे निकाल लागून गेल्यावर जी चूक माफ आहे, तीच चूक सुरुवातीला लक्षात आली तर दावा परत केला जातो. परत मिळालेला दावा योग्य कोर्टात नेला की नव्याने सुरू झाला असे धरतात. झालेले पुरावे, गेलेल्या तारखा, सगळे पुन्हा. मुदतीच्या कायद्यात वाया गेलेला काळ वजा मिळतो. माणसाच्या आयुष्यातला मिळत नाही.

इतरत्र पाहिले तर रेषा वर सरकतच आहेत. इंग्लंडमध्ये १८४६ च्या कायद्याने काउंटी कोर्टे आली ती वीस पौंडांच्या मर्यादेने. आज करारावरच्या पैशाच्या दाव्याला तिथे वरची मर्यादाच नाही आणि एक लाख पौंडांपर्यंतचा असा दावा तिथेच सुरू करावा लागतो. मुंबईच्या नगर दिवाणी न्यायालयाची मर्यादा एक कोटीवरून दहा कोटींवर गेली. आपल्याच १८६९ च्या कायद्यात जिल्हा न्यायालयाकडे अपील जाण्याची रेषा एक कोटीवर आली, ज्यामुळे पूर्वी मुंबईला जावे लागणारी अपिले साताऱ्या-सांगलीतच ऐकली जातात. ते चांगलेच झाले. फक्त ग्राहक आयोगात उलटी वाट: २०१९ च्या कायद्याने जिल्हा आयोगाला एक कोटी दिले आणि २०२१ च्या नियमांनी ते पन्नास लाखांवर आणले. वर आणि खाली, दोन्ही हालचालींमागे तत्त्व दिसत नाही. कुठल्या कोर्टात फायली तुंबल्या, त्यावर नळ उघडायचा की बंद करायचा ते ठरते.

एक आक्षेप मात्र खरा आहे, आणि त्याला माझ्याकडे सोपे उत्तर नाही. मर्यादा वाढवली की वरिष्ठ स्तरावरचे दावे खाली येतील आणि कनिष्ठ स्तर, जो आधीच फौजदारी कामाखाली दबलेला आहे, आणखी दबेल. न्यायाधीश, लघुलेखक, बेलिफ न वाढवता नुसता आकडा वाढवला तर तालुक्याचा माणूस घराजवळच्या कोर्टात दहा वर्षे बसेल, एवढाच फरक. पण यातले पुष्कळसे काम तेच न्यायाधीश आजही १३८ च्या नावाने करत आहेतच. सहा लाखांचा वाद फौजदारी पोशाखात चालतो तो दिवाणी पोशाखात चालेल, आणि तुरुंगाची धमकी त्यातून जाईल.

करायचे काय, ते अवघड नाही. कलम २४ मधला आकडा निदान पंचवीस लाखांवर न्यावा आणि पुढची वाढ विधिमंडळाच्या आठवणीवर न सोडता महागाई निर्देशांकाला बांधून दर पाच वर्षांनी आपोआप व्हावी. लेखी कागदावर उभा असलेला पैशाचा दावा, रक्कम कितीही असो, तालुक्यातच दाखल करता यावा. गुंतागुंत निघाली तर जिल्हा न्यायाधीशांनी तो वर घ्यावा. चुकीच्या कोर्टात आलेला दावा वादीच्या हातात परत न देता कोर्टाकोर्टांतच वर्ग व्हावा, झालेल्या पुराव्यासकट. आणि व्यक्तीविरुद्ध सावकारी किंवा वित्त कंपनीच्या वसुलीच्या दाव्यात, प्रतिवादी गैरहजर असला तरी, हिशेब मुळापासून तपासण्याची १८७९ मधली जबाबदारी पुन्हा न्यायाधीशावर टाकावी.

कोल्हापूरच्या सर्किट बेंचसाठी सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या वकिलांनी वर्षानुवर्षे आंदोलन केले आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून ते बेंच सुरू झाले. उच्च न्यायालय मुंबईहून कोल्हापूरला आले. त्याच वकील संघटनांनी आता सहा लाखांचा दावा जिल्ह्याच्या गावाहून तालुक्याला आणण्याची मागणी दोन्ही जिल्ह्यांच्या आमदारांपुढे ठेवावी. त्यासाठी इमारत लागत नाही, पीठ लागत नाही. कलम २४ मधला एक आकडा बदलावा लागतो.